केवलादेवाचें तळें

उत्तरेकडे यात्रेस निघालेला महाराष्ट्रीय गृहस्थ मथुरा, वृंदावन, गोकुळ हीं क्षेत्रें करतो, आग्र्यास जाऊन ताजमहाल पाहतो आणि परतीची गाडी धरतो. आग्र्यापासून अवघ्या ५५ किलोमीटरांवर भरतपूर शहर आहे, त्याच्या वेशीबाहेर एक विस्तीर्ण तळें आहे आणि त्या तळ्यावर दूरदूरचीं पांखरें हिवाळा काढावयास येतात, हें त्याच्या कानांवर आलेलें असतें. परंतु "पांखरें काय, आपल्या गांवच्या तळ्यावरहि असतातच," असें म्हणून तो तो बेत सोडून देतो. आम्हीहि बहुधा तसेंच केलें असतें. पण या तळ्याशीं आमचा एक जुना हिशेब होता. शिक्षकाचा पेशा पत्करल्यावर पहिल्या एकदोन वर्षांतच या तळ्याविषयीं आम्हीं वर्गांत एक गोष्ट मोठ्या आत्मविश्वासानें सांगितली होती व तीबद्दल प्रश्न विचारणाऱ्या एका मुलास निष्कारण गप्प बसविलें होतें. ती हकीकत ओघानें पुढें येईलच. आज सेवानिवृत्त होऊन घरीं बसल्यावर त्या प्रश्नाची आठवण अधूनमधून होत असे, आणि ज्या तळ्यावरून तो निघाला तें एकदां डोळ्यांनीं पाहावें असें वाटे.

तो योग गेल्या कार्तिकाच्या अखेरीस आला. मथुरेचें दर्शन आटोपून आम्हीं सकुटुंब भरतपूरची गाडी धरली. मथुरेहून कोट्याकडे व पुढें मुंबईकडे येणाऱ्या लोहमार्गावर तासाभराच्या आंतच हें स्टेशन लागतें.

मराठी माणसाला भरतपूर हें नांव तसें परकें नाहीं. सन १७५४ मध्यें येथून जवळच असलेल्या कुंभेरीच्या वेढ्यांत मल्हारराव होळकरांचा एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्यानें पडला आणि अहिल्याबाईंच्या कपाळीं वैधव्य आलें. त्या वेळीं शत्रु असलेला तो सूरजमल जाट पुढें सात वर्षांनीं, पानिपतच्या रणांतून उघडेवाघडे व उपाशी परत फिरलेल्या आपल्या लोकांना अन्न, वस्त्र व आश्रय देता झाला, हें आपण विसरूं नये. १८०५ सालीं यशवंतराव होळकरासहि याच भरतपूरच्या किल्ल्यानें पाठीशीं घातलें, आणि लॉर्ड लेकला चार वेळां हल्ला करूनहि तो घेतां आला नाहीं. थकल्याभागल्यांस थारा देणें हा जणूं या भूमीचा गुणच असावा. मग तीं माणसें असोत कीं पांखरें.

तळ्याची जन्मकथाहि त्या सूरजमलाशींच निगडित आहे. भरतपूरच्या आग्नेयेस जमीन स्वभावतःच खोलगट आहे. सूरजमलानें गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध घातला. त्या बांधामागें सांठलेलें पावसाळी पाणी या खोलगटांत येऊं लागलें, आणि तेथें दरवर्षीं तळें भरूं व उन्हाळ्यांत ओसरूं लागलें. भोंवतालीं दाट झाडी, म्हणून लोक त्यास 'घना' म्हणत; आणि मध्यें केवलादेव महादेवाचें एक लहानसें देऊळ, म्हणून 'केवलादेव घना' असें जोडनांव पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरच्या दरबारानें बदकांच्या शिकारीसाठीं तेथें लहान लहान बांध व दरवाजे बांधून पाण्याचे कप्पे पाडले. आज जें राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखलें जातें त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर असून त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भूमि पाणथळ आहे. पाणी कोठेंहि फार खोल नाहीं. पुष्कळ ठिकाणीं कमरेइतकेंच.

हें सर्व सांगण्याचें कारण इतकेंच कीं, हें तळें स्वयंभू नव्हे. माणसानें बांध घातला, माणसानें पाणी आणलें, माणसाचीं गुरें तेथें पिढ्यान् पिढ्या चरलीं, आणि या सर्वांच्या सहवासांत पांखरांनीं तें आपलेंसें केलें. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील हकीकत नीट उमगेल.

सकाळीं उजाडतांच आम्ही फाटकापाशीं पोंचलों. आंत तीन चाकांच्या सायकल-रिक्षा मिळतात, आणि त्या चालविणाऱ्या माणसांना पांखरांचें ज्ञान इतकें असतें कीं एखाद्या प्राध्यापकानें मान खालीं घालावी. आमचा रिक्षावाला साठीच्या आसपासचा, पांढऱ्या मिशांचा, मितभाषी गृहस्थ होता. "माताजी, सावकाश बसा," असें म्हणून त्यानें आमच्या मंडळींस हात दिला, आणि दोन्ही बाजूंस पाणी असलेल्या त्या सरळ रस्त्यानें आमची स्वारी निघाली.

धुकें विरळ झालें तसें दृश्य उलगडूं लागलें. पाण्यांत बाभळीचीं झाडें उभीं होतीं आणि एकेका झाडावर चित्रबलाकांचीं दहादहा, वीसवीस घरटीं. हा करकोच्याच्या जातीचा मोठा पक्षी. चोंच पिवळी, पंखांवर गुलाबी छटा. पावसाळा संपतां संपतां हे पक्षी येथें घरटीं करतात. आम्ही गेलों तेव्हां पिलें अंगानें आईबापांएवढीं झालीं होतीं, पण भुकेनें त्यांची कलकल चालूच होती. आईबाप पाण्यांत चोंच अर्धवट उघडी धरून चालत, आणि मासा चोंचीस लागतांच ती मिटत. झाडांच्या खालच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. एक सर्पपक्षी मान तेवढी पाण्याबाहेर काढून असा चालला होता, कीं प्रथमदर्शनीं सापच वाटावा.

मग रिक्षावाल्यानें गाडी थांबविली आणि तो म्हणाला, "बाबूजी, नुसतीं पांखरें पाहूं नका. कोण कोणाच्या आधारानें उभा आहे तें पाहा."

त्याचें हें वाक्य ऐकून आम्ही चमकलों. शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला दुसरा कोणी नीट शिकवूं लागला म्हणजे लगेच कळतें.

त्यानें दाखविलें तें असें. बाभळींवर हजारों पांखरें रहातात, त्यांची विष्ठा रात्रंदिवस पाण्यांत पडते. तें पाण्यास खत होतें. त्या खतावर डोळ्यांस न दिसणारें शेवाळ वाढतें, शेवाळावर पाण्यांतील सूक्ष्म किडे पोसतात, किड्यांवर माशांचीं पिलें, आणि त्या माशांवर पुनः तीं बाभळीवरचीं पांखरें. पावसाळ्यांत बांधाचें पाणी आंत सोडलें म्हणजे त्याबरोबर माशांचीं असंख्य पिलें येतात. जणूं चित्रबलाकांच्या बाळंतपणाची तयारी घेऊनच पाणी येतें. ज्या वर्षीं पाणी कमी, त्या वर्षीं मासे कमी. आणि मासे कमी तर कित्येक घरटीं मांडलींच जात नाहींत.

एका कांठावर मुग्धबलाक उभा होता. याच्या चोंचीच्या दोन पात्यांमध्यें एक फट असते. पाण्यांतील शंखाची गोगलगाय हें याचें मुख्य अन्न. शंख न फोडतां आंतील मांस काढून घेण्याची कला त्यास साधलेली आहे. गोगलगायी पाणवनस्पतींवर जगतात. म्हणजे वनस्पति, गोगलगाय व बलाक अशी ही एक निराळीच सांखळी. उघड्या पाण्यांत काळ्या अंगाचे व पांढऱ्या कपाळाचे पक्षी शेंकड्यांनीं जमले होते. यांना आपल्याकडे 'वारकरी' म्हणतात, तें नांव आम्हीं रिक्षावाल्यास सांगितलें व त्याचा अर्थहि सांगितला, तेव्हां तो प्रसन्न हंसला. हे वारकरी पाण्याखालच्या वेली खातात. इतक्यांत वरून एक भोवत्या ससाणा घिरट्या घालूं लागला, तोंच ते सारे एकमेकांजवळ सरकून त्यांचा एक काळा पुंजका झाला. एकटा राहील तो जाईल, हें त्यांस कोणीं शिकविलें असेल?

पलीकडे ओल्या हिरवळीवर पट्टकादंब चरत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंसाच्या कुळांतील पक्षी हिमालय ओलांडून येतो. ज्यानें जगांतील सर्वांत उंच पर्वत पंखांखालीं घातला तो येथें येऊन गाईसारखा मुकाट्यानें गवत खातो! मात्र त्याला गवत आंखूड व कोंवळें लागतें. ही आंखुडाची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

संस्कृत शिकवितांना आम्ही 'मत्स्यन्याय' या शब्दाचा अर्थ वर्षानुवर्षें सांगत आलों. राजदंड नसेल तर मोठा मासा लहान माशास गिळतो तसें बलवान् दुर्बलास गिळील, असा तो दृष्टांत; म्हणजे मत्स्यन्याय म्हणजे अराजक. पण त्या सकाळीं त्या पाण्याकडे पाहतांना वाटलें कीं, आपल्या शास्त्रकारांनीं माशांस थोडा अन्यायच केला. येथें जो तो दुसऱ्यास खातो हें खरें, परंतु त्या खाण्यांतूनच एक व्यवस्था उभी रहाते. खाणारा नाहींसा झाला तर खाल्लें जाणारें सुखी होतें असेंहि नाहीं. तें माजतें, दाटतें, आणि शेवटीं स्वतःसकट इतरांस गुदमरवितें. या तळ्यांत तसें एकदां प्रत्यक्ष घडलें आहे. तेंच सांगावयाचें आहे.

देवळाजवळ एक शिलालेख आहे. त्यावर कोणत्या दिवशीं कोणा पाहुण्याच्या सन्मानार्थ किती पक्षी मारले याची नोंद कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो व त्यांचे सोबती यांनीं मिळून ४,२७३ पक्षी मारले. एका दिवसांत! आमच्या मंडळींनीं तो आंकडा दोनदां वाचावयास लावला. "आणि हें दगडावर लिहून ठेवलें?" एवढेंच त्या म्हणाल्या.

अशा इतिहासानंतर या तळ्याचें रक्षण व्हावें असें सुजाण लोकांस वाटूं लागलें यांत नवल नाहीं. १९७६ मध्यें तें पक्ष्यांचें अभयारण्य झालें. १९८१ मध्यें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत त्याचें नांव आलें. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाहि त्याच सुमारास मिळाला. आणि १९८५ मध्यें तें जागतिक वारसास्थळ ठरलें. राष्ट्रीय उद्यान म्हटलें कीं त्यांत गुरें चारतां येत नाहींत असा नियम. त्या नियमानुसार १९८२ च्या नोव्हेंबरांत घनांत गुरें सोडण्यास मनाई झाली.

भोंवतालच्या खेड्यांतून तोंवर दोन हजारांहून अधिक म्हशी रोज त्या पाण्यांत चरत असत. लोकांनीं विरोध केला, दंगल झाली, पोलिसांनीं गोळीबार केला, आणि कांहीं ग्रामस्थांचे प्राण गेले.

आम्हीं रिक्षावाल्यास त्या वेळची कांहीं आठवण आहे का म्हणून विचारलें. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग रिक्षा बाजूस लावून म्हणाला, "बाबूजी, माझ्या वडिलांच्या सात म्हशी होत्या. सकाळीं दूध काढलें कीं त्या आपण होऊन घन्याची वाट धरीत. हांकावें लागत नसे. संध्याकाळीं आपणच परत येत. मनाई झाली त्या दिवशींहि त्या तशाच गेल्या आणि भिंतीपाशीं उभ्या राहिल्या. पुढें दोन महिन्यांत वडिलांनीं चार विकल्या. वैरण विकत घेऊन सात म्हशी कोण पोसणार? भिंतीच्या आंत गवत वाढत होतें, आणि बाहेर आमच्या म्हशी उपाशी. आम्ही भिंतीवरून तें बघत असूं."

"मग गवताचें काय झालें?" आम्हीं विचारलें.

"गवतानें तळें खाल्लें," तो म्हणाला.

याचा अर्थ पूर्णपणें समजण्यास थोडी शास्त्रीय माहिती हवी. या पाण्यांत एक पाणगवत आहे, त्याचें शास्त्रीय नांव पॅस्पॅलम डिस्टिकम. तें कांठाच्या ओल्या मातींत रुजतें आणि तेथून पाण्यावर आपल्या लांब लांब कांड्या पसरीत आंत जातें. एका कांडीस दुसरी विणली जाऊन चटईसारखा थर तयार होतो. गाय फार तर कांठावरचें गवत खाते. पण म्हैस हें पाण्याचें जनावर. ती पोटापर्यंत, पाठीपर्यंत पाण्यांत शिरते आणि मान बुडवून पाण्याखालचेहि कोंभ खाते. पाण्याखालीं खुडलेल्या कोंभास वारा व ऊन न मिळाल्यामुळें तो पुष्कळदां कुजून जातो, म्हणून म्हैस जेथें चरली तेथें गवताचा पाय मागें सरतो. शिवाय तिच्या चालण्यानें गवतांत वाटा पडतात, त्या वाटांनीं पाणी खेळतें, मासे फिरतात. तिचें शेण पाण्यांत पडून किड्यांस व माशांस पोषण मिळतें. आणि तिच्या पायांनीं उडालेले किडे टिपावयास गायबगळे व कोतवाल तिच्या मागें मागें असतातच.

म्हैस गेली आणि या सर्वांचा धागा सुटला. दोनतीन वर्षांतच गवताची चटई उघड्या पाण्यावर चढूं लागली. पाण्याच्या वाटा बुजल्या. खालीं ऊन पोंचेना, म्हणून पाण्याखालच्या वेली कमी झाल्या. त्या खाणाऱ्या बदकांस व वारकऱ्यांस चारा उरेना. मेलेलें गवत सांठून तळ उथळ होऊं लागला. माशांस मोकळें पाणी राहिलें नाहीं, आणि जेथें मासे होते तेथें गवतामुळें ते चोंचींत सांपडेनात. उंच व जरड गवत पट्टकादंबांस खातां येईना. ज्या पांखरांसाठीं म्हशींस बाहेर काढलें त्याच पांखरांस जागा अपुरी पडूं लागली.

हें अनुमान केवळ खेडुतांचें नव्हे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालीं स्थापन झालेली जुनी संस्था. आपले थोर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचें नांव तिच्याशीं कायमचें जोडलेलें आहे. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९८० पासून सुमारें दहा वर्षें या तळ्याचा कसून अभ्यास केला. हा अभ्यास मनाईच्या आधीं सुरू होऊन नंतरहि चालू राहिला, हें मोठें भाग्य. कारण त्यामुळें आधींची व नंतरची स्थिति समोरासमोर ठेवून पाहतां आली. पक्षिप्रेमी विद्वानांचा कल आरंभीं मनाईच्याच बाजूस होता. परंतु पुराव्यानें जें दाखविलें तें या संस्थेनें लपविलें नाहीं: म्हैस ही या तळ्याची शत्रु नसून त्याच्या व्यवस्थेचा एक आवश्यक घटक आहे, आणि ती काढल्यामुळें गवत माजलें. १९९० मध्यें रामसर कराराखालील धोक्यांतील जागांच्या यादींत केवलादेवाचें नांव गेलें, तेव्हां पाण्याच्या टंचाईबरोबर चराईचा बिघडलेला तोल हेंहि कारण नमूद झालें. स्वतःचें मत चुकीचें ठरविणारा निष्कर्ष स्वतःच्याच नांवानें प्रसिद्ध करणें ही विद्वत्तेची खरी कसोटी होय.

आतां आमचा हिशेब. १९८३ सालची गोष्ट. आम्ही एका खेड्यांतील शाळेंत नुकतेच लागलों होतों. वर्तमानपत्रांत भरतपूरविषयीं वाचून आम्हीं वर्गांत मोठ्या ऐटींत सांगितलें कीं, जेथें पूर्वीं व्हाइसरॉय पांखरें मारीत तेथें आतां गुरांनाहि पाऊल टाकतां येत नाहीं. निसर्गाचें रक्षण करावयाचें तर असेंच करावें लागतें. शेवटच्या बांकावर एक गुराख्याचा मुलगा बसत असे. तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, म्हशी नाहीं गेल्या तर तळ्यांतलें गवत कोण खाईल?" वर्ग हंसला. आम्हांसहि तो वात्रटपणा वाटला, आणि "पांखरें खातील, तूं खालीं बस," असें म्हणून आम्हीं त्यास बसविलें. तो बसला आणि त्यानंतर वर्षभर त्यानें आम्हांस एकहि प्रश्न विचारला नाहीं.

जें समजण्यास शास्त्रज्ञांस दहा वर्षें लागलीं, तें त्या मुलास ठाऊक होतें. त्यानें तें पुस्तकांत वाचलेलें नव्हतें; रोज संध्याकाळीं म्हशींच्या मागें तळ्यावर उभें राहून पाहिलेलें होतें. आमच्याकडे पदवी नव्हती तरी शब्द होते. त्याच्याकडे शब्द नव्हते, पण ज्ञान होतें. शब्दांनीं ज्ञानास खालीं बसविलें.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. म्हशी कितीहि सोडल्या तरी तळें सुखीच राहील असा याचा अर्थ नव्हे. त्या अमर्याद वाढल्या तर गवताबरोबर सर्वच फस्त करतील व घरटीं करणाऱ्या पांखरांस त्रास देतील. प्रश्न मर्यादेचा आहे: किती, कोठें आणि कोणत्या ऋतूंत. तो प्रश्न न विचारतां "सर्वच बंद" असें म्हणणें सोपें असतें. आणि सोप्या उत्तराची किंमत बहुधा दुसरा कोणी देतो. येथें ती आधीं खेडुतांनीं दिली आणि मग पांखरांनीं.

एक प्राणी काढल्यानें जसा तोल जातो, तसा एक नवा आल्यानेंहि जातो. आफ्रिकेंतील मागूर माशाची एक जात कोणीतरी पैदाशीसाठीं देशांत आणली. तो हवेंतहि श्वास घेऊं शकतो, त्यामुळें तळें आटलें तरी चिखलांत जगतो; आणि भूक इतकी कीं समोर येईल तें गिळतो. २००० मध्यें त्याच्या पैदाशीस देशांत बंदी झाली. परंतु तोंवर तो पाण्याच्या वाटेनें घनांत पोंचला होता. येथील लहान मासे खाऊन तो चित्रबलाकाच्या पिलांच्या तोंडचा घांस काढतो. उद्यानाच्या लोकांनीं तो मोठ्या संख्येनें पकडून बाहेर काढला, तरी त्याचें निर्मूलन सोपें नाहीं. कोरड्या भागांत तसाच उच्छाद विलायती बाभळीनें मांडला. ही अमेरिका खंडांतील. आपल्या देशी बाभळीची ती केवळ नांवाची बहीण. देशी बाभूळ पाण्यांत उभी राहून घरट्यांस खांदा देते. ही मात्र जमीन व्यापून इतर झाडाझुडपांस उठूं देत नाहीं.

आणि पाण्याचा प्रश्न तर सर्वांच्या मुळाशीं. २००४ पासून गंभीर नदीवरील पांचना धरणाच्या वरच्या भागांतील शेतकऱ्यांनींहि आपला हक्क सांगितला, आणि घनाचें पाणी कित्येक वर्षें तुटलें. तळ्याच्या जागीं भेगाळलेली जमीन लोकांनीं पाहिली. पुढें गोवर्धन नाल्यांतून व चंबळेच्या योजनेंतून पाणी आणण्याची सोय झाली. पण नदीच्या पाण्याबरोबर जे मासे येत ते दुसऱ्या वाटेच्या पाण्याबरोबर तसेच येतील असें नाहीं. पाणी म्हणजे केवळ पाणी नव्हे. त्यांतून कोण येतें हेंहि पहावें लागतें.

सुदैवानें माणसांसाठीं एक दार पुनः उघडलें. चराईची मनाई कायम असली तरी गवत कापून नेण्यास खेडुतांना परवानगी मिळूं लागली. आणि २००७ नंतर विलायती बाभूळ उपटून तिचें लांकूड घेऊन जाण्याचें कामहि गांवकऱ्यांच्या समित्यांकडे आलें. ज्यांना भिंतीबाहेर ठेवलें त्यांच्याच हातांनीं आंतील जमीन मोकळी होऊं लागली. अर्थात् विळा हा म्हशीच्या तोंडाची बरोबरी करूं शकत नाहीं. तो खोल पाण्यांत जात नाहीं आणि शेणहि टाकीत नाहीं. आम्हीं एक सांबर पोटापर्यंत पाण्यांत उभें राहून पाणवनस्पति खातांना पाहिलें. म्हशीचेंच काम तें थोडेंफार करीत होतें. परंतु दोन हजार म्हशींचें काम मूठभर सांबरांनीं कसें व्हावें?

दुपारीं देवळाच्या पायरीवर बसून आम्हीं दशम्या खाल्ल्या. जवळच्या पाण्यांत मोठमोठीं कांसवें डोकें वर काढीत होतीं. समोरच्या उथळ पाण्याकडे बोट करून रिक्षावाला म्हणाला, "येथें सायबेरियाचे क्रौंच उतरत."

हे शुभ्र पक्षी पश्चिम सायबेरियांतून अफगाणिस्तानावरून हजारों किलोमीटर उडून येत व उथळ पाण्याखालच्या चिखलांतील कंद खणून खात. १९६० नंतरच्या दशकांत त्यांची संख्या येथें दोनशेंपर्यंत होती. पुढें ती घटत गेली आणि २००१-०२ च्या हिवाळ्यांत आलेली जोडी ही शेवटची. त्यांच्या नाशाचें मुख्य कारण वाटेंतील शिकार हें होय. केवलादेवास सगळा दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु जे थोडे येथवर पोंचत, त्यांच्या कंदांच्या जागेवरहि गवताची चटई चढली होती, हेंहि तितकेंच खरें. इतक्या दुरून येणाऱ्या पाहुण्याचें ताट रिकामें असावें, याची खंत यजमानास वाटलीच पाहिजे.

दिवस मावळतांना आम्ही परत निघालों. चित्रबलाकांचे थवे बाभळींवर उतरत होते. फाटकापाशीं रिक्षावाल्यास ठरलेल्याहून थोडे अधिक पैसे देऊं केले, तर त्यानें ठरले तेवढेच घेतले. त्याच्या घरीं आज एकच म्हैस आहे असें त्यानें सांगितलें.

गाडींत बसल्यावर आमच्या मंडळींनीं विचारलें, "अहो, तो तुमच्या शाळेंतला मुलगा आतां कोठें असतो?" तो त्याच खेड्यांत असतो आणि दुधाचा धंदा करतो, हें आम्हांस ठाऊक होतें, परंतु त्यास भेटावें असें चाळीस वर्षांत कधीं सुचलें नव्हतें. घरीं परतल्यावर आठवड्याभरांत आम्ही तिकडे गेलों. त्यानें ओट्यावर घोंगडी अंथरली, दूध दिलें, आणि "गुरुजी, इकडे कसें येणें केलंत?" म्हणून विचारलें. आम्हीं भरतपूरची सारी हकीकत सांगितली व त्या दिवशीं तुझेंच बरोबर होतें, आमचें चुकलें, असें म्हटलें.

त्याला तो प्रश्न आठवेना. वर्ग हंसला होता हें मात्र त्यास आठवत होतें. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "मग आतां तिथें म्हशी सोडतात का, गुरुजी?"

"नाहीं," आम्हीं म्हटलें.

तो कांहीं बोलला नाहीं. गोठ्यांतली म्हैस हंबरली, तेव्हां उठून तिला चारा टाकावयास गेला.